डिझेल मोटरहोमचे इंधन-फिल्टर बदलल्यावर इंजिन पुन्हा प्राइम कसे करावे?

रानवाटा
नमस्कार मंडळी. आम्ही उभयता अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो. निवृत्तीनंतर आम्ही २००४ सालचे, ४० फुटी डिझेल मोटरहोम वापरलेले विकत घेतले. इंजिन कमिन्स कंपनीचे 'आयएसएल' नावाचे, ८.९ लिटरचे आणि ४०० अश्वशक्तीचे आहे आणि ते गाडीच्या अगदी मागच्या टोकाला बसवलेले आहे. डिझेलची टाकी मात्र पुढच्या चाकांजवळ असल्यामुळे इंधन जवळजवळ ३० फूट नळीतून ओढून आणावे लागते. दोन्ही फिल्टर मागेच आहेत. पहिला चासीच्या पट्टीवर असून तो पाणी वेगळे करतो. त्याच्या तळाशी पारदर्शक वाटी आणि तोटी आहे. दुसरा इंजिनावर असून तो बारीक गाळणीचा आहे.

गेल्या वर्षी हे दोन्ही फिल्टर एका गॅरेजात बदलून घेतले. तिथून निघाल्यावर १२ मैलांवर इंजिन आचके देऊ लागले आणि महामार्गाच्या कडेला बंद पडले. एवढी मोठी गाडी ओढून नेणारा ट्रक येईपर्यंत चार तास गेले आणि गॅरेजवाल्यांनी 'नळीत हवा राहिली होती' एवढेच सांगितले. तेव्हापासून हे काम नीट समजून घेऊन स्वतः करायचे असे ठरवले आहे. मे महिन्यात साउथ डकोटातील बॅडलँड्स आणि तिथून पुढे यलोस्टोनपर्यंत जाण्याचा बेत आहे, म्हणून एप्रिलमध्येच घरच्या अंगणात हे काम उरकायचे आहे.

मला मुख्यतः प्राइमविषयी, म्हणजे नळी आणि फिल्टरमधली हवा काढून तिथे डिझेल भरून घेण्याविषयी, विचारायचे आहे. नवे फिल्टर डिझेलने भरून बसवावेत की कोरडे? माझ्या गाडीत हाताने दाबायचा पंप नाही, मग हवा काढायची कशी? आणि सगळी हवा निघाली आहे याची खात्री रस्त्यावर जाण्याआधी करता येते का?

काळीमाती
फलटणजवळ आमची शेती आहे आणि घरात दोन ट्रॅक्टर आहेत. आमच्याकडे याला 'ट्रॅक्टरने एअर धरली' असे म्हणतात आणि ती काढणे हे घरातल्या प्रत्येक मुलाला पंधराव्या वर्षापर्यंत येतेच. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाची घुंडी दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात आणि शेवटी डिझेलची अखंड धार लागते. धार लागली की स्क्रू आवळायचा. त्यानंतर हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर करायचे. एवढे करूनही इंजिन उचलत नसेल तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. प्रत्येक नटातून डिझेल थुंकू लागले की एकेक आवळत जायचे. तुमच्या इंजिनावर असे स्क्रू असतील तर रीत हीच असावी.

कोथरूडकर_जुने
काळीमाती यांनी सांगितलेली रीत जुन्या यांत्रिक पंपासाठी अगदी बरोबर आहे, पण रानवाटा यांनी तिचा शेवटचा भाग त्यांच्या इंजिनावर कृपया करू नये. चालत्या किंवा फिरत्या इंजिनावर उच्च दाबाच्या नळीचा नट सैल करणे हे २००४ च्या आयएसएलवर जिवावर बेतू शकते. तिथे इंधनाचा दाब १००० बारच्या वर जातो आणि त्या दाबाची केसाएवढी धार हातमोज्यातून आणि कातडीतून सरळ आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मात्र डिझेल पसरलेले असते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावे लागते, कारण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

माझा या कंपनीशी जुना संबंध आहे. १९६२ साली पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. मी तिथे बऱ्याच नंतर लागलो आणि टेस्ट बेडवर अनेक वर्षे काढली. रानवाटा यांच्या इंजिनावर बहुधा 'कॅप्स' नावाची इंधनयंत्रणा असेल. तिच्यात विजेवर चालणारा एक लहान लिफ्ट पंप असतो. किल्ली 'ऑन' केली की तो साधारण ३० सेकंद चालतो आणि आपोआप थांबतो; इंजिन सुरू झाल्यावर इंधन ओढण्याचे काम इंजिनावरचा गियर पंप करतो. म्हणून तुमचा हातपंप म्हणजे तुमची किल्लीच आहे. किल्ली ऑन करा, स्टार्टर मारू नका, पंपाची घरघर थांबेपर्यंत ऐका, किल्ली बंद करा, थोडे थांबा आणि पुन्हा तेच करा. चार ते सहा वेळा असे केल्यावरच स्टार्टर मारा. स्टार्टर एका दमात ३० सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत किमान दोन मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर त्याचे वेटोळे तापून जळते.

किल्ली ऑन केल्यावर घरघर ऐकूच आली नाही तर पुढे काहीही न करता लिफ्ट पंप तपासा. डिझेल हेच या उच्च दाबाच्या पंपाचे वंगण असल्यामुळे तो कोरडा फिरवत राहिले तर फिल्टरच्या कामापायी पंप बदलण्याची पाळी येते.

टेम्सकाठ
आम्ही इंग्लंडमध्ये फियाट डुकाटोवर बांधलेले छोटे मोटरहोम वापरतो. आमच्याकडे विजेचा पंप टाकीतच आहे, त्यामुळे फिल्टर बदलल्यावर मी पाच-सहा वेळा किल्ली ऑन-ऑफ करते आणि इंजिन पहिल्याच फिरकीत सुरू होते. काही जुन्या फ्रेंच डिझेल गाड्यांत नळीवर रबरी फुगा असायचा. तो घट्ट होईपर्यंत हाताने दाबला की काम झाले. आपल्या गाडीतला पंप टाकीत आहे, इंजिनावर आहे की फिल्टरच्या डोक्यावर आहे, हे कळल्याशिवाय दुसऱ्या कोणाचीही रीत वापरू नये, असे मला वाटते.

मालट्रक
सांगलीत आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. वीस वर्षांहून अधिक काळ आमच्या गाड्यांचे दोन्ही फिल्टर कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरूनच बसवले जातात. इंजिन लगेच सुरू होते, स्टार्टरवर ताण पडत नाही आणि बॅटरी वाचते. कोरडा फिल्टर बसवून पंपाला हवा खायला लावणे हेच मला धोक्याचे वाटते. रानवाटा यांनी खुशाल भरून बसवावेत.

कोथरूडकर_जुने
मालट्रक, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण तो कोणत्या गाड्यांचा आहे हे पाहिले पाहिजे. गोल डबीसारखा फिल्टर उलटा धरून पाहा. मधोमध आट्यांचे मोठे भोक असते आणि त्याभोवती लहान भोकांचे कडे असते. डिझेल त्या लहान भोकांतून आत जाते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे निघते. आपण कॅनमधून ओतताना धार सहज मधल्या मोठ्या भोकात पडते, म्हणजे न गाळलेले डिझेल थेट गाळलेल्या बाजूला जाते आणि तिथून इंजेक्टरपर्यंत त्याला अडवणारे काहीही उरत नाही. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो आणि इंजिनावरचा बारीक फिल्टर दोन ते पाच मायक्रॉनपर्यंतचे कण अडवण्यासाठी केलेला असतो. कॅनमधल्या ज्या डिझेलला आपण डोळ्यांनी स्वच्छ म्हणतो, त्यात त्याहून मोठे कण असू शकतात.

जुन्या इनलाइन, म्हणजे यांत्रिक इंजेक्शन पंपाने हे बरेचसे सोसले. आताचे इंजेक्टर ते सोसत नाहीत, म्हणून इंजिनावरचा फिल्टर कोरडाच बसवावा आणि लिफ्ट पंपाकडून भरून घ्यावा. पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर मात्र भरून बसवायला हरकत नाही, कारण त्याच्यापुढे दुसरा फिल्टर आहे.

मालट्रक
भोकांचा मुद्दा मान्य आहे. आमच्या जुन्या गाड्या इनलाइन पंपाच्याच होत्या. नव्या बीएस-६ गाड्यांचे फिल्टर कंपनीचे लोक बदलतात आणि ते दुसरा फिल्टर भरत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही माझा एक आग्रह कायम आहे: भरायचाच असेल तर मधल्या भोकात बूच किंवा स्वच्छ बोळा घट्ट बसवून केवळ कडेच्या लहान भोकांतून, सावकाश भरावा. काही नव्या फिल्टरांसोबत त्यासाठी प्लास्टिकचे बूच येते. निर्जन रस्त्यावर अर्धमेल्या बॅटरीवर ज्याला फिल्टर बदलावा लागतो, त्याला कोरड्या फिल्टरचा सल्ला परवडत नाही.

कोथरूडकर_जुने
बुचासह, बाहेरच्या बाजूने भरलेला असेल तर माझी काहीच तक्रार नाही.

हिमगौरी
मी मिनेसोटात राहते आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझा प्रश्न वेगळा आहे: रानवाटा, तुमची गाडी वर्षातून किती महिने उभी असते? मोटरहोमचे फिल्टर मैलांपेक्षा उभे राहण्यानेच जास्त खराब होतात. अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ थिजते आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात त्या पातळ थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांतल्या हॉर्मोकोनिस रेझिनी या बुरशीला 'केरोसीन फंगस' असेच नाव पडले आहे. ती डिझेलमधले हायड्रोकार्बन खाते आणि तिचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टरच्या घड्यांवर बसतो. जुना फिल्टर काढल्यावर टाकून देण्याआधी तो कापून आतला कागद पाहावा. काळा, बुळबुळीत लेप दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही.

हिवाळ्याचेही सांगते. थंडीत डिझेलमधले मेण गोठू लागते आणि सर्वांत आधी फिल्टरच्या कागदावर अडकते. इंजिन सुरू होऊन मिनिटभराने बंद पडले तर ती हवा आहे की मेण, हे लक्षणांवरून लगेच ओळखता येत नाही. म्हणून शरद ऋतूत गाडी उभी करण्याआधी हिवाळी मिश्रणाचे डिझेल भरून टाकी काठोकाठ करावी. त्याने पाण्याचा आणि मेणाचा, दोन्ही प्रश्न हलके होतात.

रानवाटा
सर्वांचे मनापासून आभार. गाडी नोव्हेंबर ते मार्च उभीच असते आणि गेल्या वर्षी टाकी अर्धीच होती. हिमगौरीताई, जुने फिल्टर कापून पाहीन. पुढच्या शनिवारी काम करायचे ठरवले आहे.

काळीमाती
टाकी भरून घेतल्याशिवाय नळी उघडू नका. टाकीतली पातळी फिल्टरपेक्षा खाली असली तर फिल्टर काढताच नळीतले सगळे डिझेल मागे टाकीकडे पळते आणि तुमच्या गाडीत ते ३० फूट पुन्हा ओढावे लागेल. आमच्या ट्रॅक्टरला ही नळी हातभर असते, तरी आम्ही टाकी भरून घेतो. पातळी वर असली तर उलट डिझेल बाहेर वाहील, म्हणून खाली मोठे घमेले ठेवा आणि नवा फिल्टर हाताशी तयार ठेवूनच जुना काढा.

भटकंती_ओरेगन
कोणी सांगितले नाही म्हणून लिहितो. मागे इंजिन असलेल्या बहुतेक मोटरहोमना हवेची सस्पेन्शन असते. हवा उतरली की गाडी काही इंच खाली बसते आणि त्या वेळी खाली माणूस असेल तर तो चिरडला जातो. चासीला भक्कम स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. गाडीचे स्वतःचे लेव्हलिंग जॅक त्यासाठी नाहीत. आमच्या गाडीत शयनगृहातला पलंग उचलला की इंजिनाचे झाकण उघडते आणि इंजिनावरचा फिल्टर वरूनच हाती येतो. तुमच्याकडेही तशी सोय असेल तर गादी आणि पांघरुणे आधी बाहेर काढा, कारण डिझेलचा वास कापडातून आठवडेच्या आठवडे जात नाही. खालच्या अल्टरनेटरवर, पट्ट्यावर आणि रबरी नळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरा.

इंजिन सुरू झाले नाही तर काही लोक हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारतात. तुमच्या इंजिनाच्या इनटेकमध्ये हवा तापवणारी विजेची जाळी असते आणि तापलेल्या जाळीवर ईथर गेला तर स्फोट होतो. तो डबा घरात असला तरी गाडीजवळ नेऊ नका.

रानवाटा
काम झाले, पण पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. क्रमाने लिहितो.

टाकी आदल्या दिवशी काठोकाठ भरली. चाकांना ओट लावली, चासीखाली स्टँड लावले, पलंग उचलला आणि सौभाग्यवतींनी गादी बाहेर नेऊन दिली. पट्ट्याच्या पान्याने दोन्ही फिल्टर फार जोर न लावता सुटले. पाणी वेगळे करणाऱ्या जुन्या फिल्टरची पारदर्शक वाटी काढून, पुसून नव्या फिल्टरला लावली. तो फिल्टर ताज्या डिझेलने भरला, वरच्या रबरी रिंगला डिझेलचे बोट फिरवले आणि रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा आवळला. इंजिनावरचा फिल्टर कोरडा बसवला. किल्ली ऑन केल्यावर पंपाची घरघर स्पष्ट ऐकू आली. पहिल्या दोन वेळा तिचा स्वर मोकळा, उंच होता आणि तिसऱ्यांदा तो जड झाला. सहाव्या वेळेनंतर स्टार्टर मारला आणि इंजिन चार सेकंदांत सुरू झाले.

ते ४० सेकंद सुरळीत चालले. मग वेग वर-खाली होऊ लागला आणि इंजिन बंद पडले. पुन्हा किल्लीचा सगळा क्रम केला, पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा तसेच बंद पडले. खाली टॉर्च लावून प्रत्येक जोड पाहिला. डिझेलचा एक थेंबही कुठे गळत नाही.

मालट्रक
गळत नाही म्हणून सांधे चांगले, असे धरू नका. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढीची आहे. तिथे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. दाबाची बाजू गळून आपला दोष सांगते, ओढीची बाजू सांगत नाही. जुन्या फिल्टरची वरची रबरी रिंग डोक्यालाच चिकटून राहिली आहे का ते आधी पाहा. एकावर एक दोन रिंगा आल्या की असेच होते.

कोथरूडकर_जुने
मालट्रक यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे, आणि ४० सेकंद हा आकडा बोलका आहे. पहिला अर्धा मिनिट लिफ्ट पंप मदतीला असतो. तो थांबल्यावर गियर पंप एकटा ओढू लागतो, ओढ वाढते आणि फटीतून हवा येऊ लागते.

शोध घेण्याची खात्रीची रीत सांगतो. पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि लिफ्ट पंप यांच्यामध्ये डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा तात्पुरता जोडा आणि इंजिन सुरू करून त्यात पाहा. बुडबुडे दिसले तर फट त्या तुकड्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे हे ठरले. मग टाकीकडून येणारी नळी फिल्टरच्या तोंडाशी सोडवून बंद करा आणि तिच्या जागी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलेली छोटी नळी लावा. आता बुडबुडे थांबले तर दोष त्या ३० फुटांत कुठेतरी आहे. थांबले नाहीत तर दोष फिल्टरमध्ये किंवा त्याच्या डोक्यात आहे. पारदर्शक नळी काम झाल्यावर काढून टाकायची, ती कायम ठेवण्यासाठी नाही.

टेम्सकाठ
एक शंका विचारते. गाडी २००४ ची आहे आणि अमेरिकेत १५ पीपीएम गंधकाचे डिझेल २००६ पासून आले. त्या बदलाच्या वेळी जुन्या गाड्यांतल्या रबरी रिंगा आक्रसून गळती लागल्याचे मी वाचले आहे. त्या नळ्या आणि रिंगा मूळच्याच असतील का?

कोथरूडकर_जुने
शंका रास्त आहे. गंधक काढताना डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी झाले आणि त्यांनी फुगून बसलेले नायट्राइल रबर आक्रसले. परंतु त्यानंतर इतकी वर्षे गाडी चालली आहे आणि बंद पडणे फिल्टर बदलल्यावरच सुरू झाले आहे, म्हणून ज्याला आत्ता हात लागला तेच आधी तपासावे.

रानवाटा
दोष सापडला.

पारदर्शक नळी लावल्यावर पहिली दहा-पंधरा सेकंद डिझेल स्वच्छ वाहिले. मग मोहरीएवढे बुडबुडे आले आणि पाठोपाठ फेसच आला. कॅनमधून डिझेल दिले तरी बुडबुडे तसेच राहिले, म्हणजे ३० फुटांची नळी निर्दोष ठरली. फिल्टर काढला. वरच्या बाजूला एकच, नवी रिंग होती; जुनी चिकटलेली नव्हती. मग वाटी फिरवून काढली. वाटी आणि फिल्टर यांच्यामध्ये खाचेत बसणारी रिंग जुनीच होती, चपटी आणि कडक झालेली, आणि एका जागी तिला नखाएवढी चीर होती. मी ती वाटीबरोबर जशीच्या तशी नव्या फिल्टरला लावली होती. नव्या फिल्टरचे खोके केराच्या पिशवीतून काढून पाहिले, तर तळाच्या पुठ्ठ्याखाली छोट्या पाकिटात दुसरी रिंग होती.

ती बसवली, डिझेलचे बोट फिरवले, वाटी हातानेच आवळली, फिल्टर भरून बसवला आणि किल्लीचा क्रम पाच वेळा केला. इंजिन सुरू झाले आणि पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसला नाही. २० मिनिटे जागेवर चालवले, त्यांतली काही मिनिटे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर. मग पारदर्शक तुकडा काढून मूळची नळी जोडली, पुन्हा प्राइम केले आणि घराजवळच्या रस्त्यावर ३० मैलांची फेरी केली, तीही एका चढाच्या रस्त्याने, कारण ओढ वाढते ती चढावर. गेल्या वर्षी त्या गॅरेजात हेच झाले असावे असे आता वाटते. दोन वर्षे ती रिंग बदललीच गेली नव्हती.

काळीमाती
फार बरे वाटले. आमच्या फीड पंपाखालच्या काचेच्या वाटीची रिंगही अशीच विसरली जाते. यापुढे मी ती फिल्टरबरोबर न चुकता बदलणार.

सह्यगिरी
मी धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. मला फोर्स ट्रॅव्हलरवर स्वतःचे कॅम्पर करून घ्यायचे आहे, म्हणून विचारतो: सोबत काय ठेवावे आणि किती दिवसांनी बदलावे?

भटकंती_ओरेगन
दोन्ही फिल्टरांचा एकेक जादा संच, त्यांच्या रिंगांसह. पट्ट्याचा पाना, डिझेलला टिकणारे हातमोजे, झाकणाचे घमेले, टॉर्च आणि झाकणबंद कॅनमध्ये पाच लिटर स्वच्छ डिझेल. बदलण्याची मुदत इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती मैल व महिने अशा दोन्ही मापांत असते. मोटरहोमवाल्याने महिन्यांचे माप धरावे. फिल्टर बसवण्याआधी त्यावर मार्करने तारीख आणि मैल लिहावेत. वाटीतले पाणी प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी तोटी उघडून पाहावे आणि तोटी हाताने नीट बंद करावी, कारण तीही ओढीच्याच बाजूला आहे.

हिमगौरी
रानवाटा, जुने फिल्टर कापले का?

रानवाटा
कापले. इंजिनावरच्या फिल्टरचा कागद फिकट करडा आणि स्वच्छ होता. पहिल्याच्या खालच्या दोन बोटे उंचीच्या घड्यांवर तुम्ही लिहिला होता तसाच काळा, बुळबुळीत लेप होता आणि वाटीतून सुमारे अर्धी वाटी पाणी निघाले.

हिमगौरी
मग टाकीत जीवनाशक औषध घालावेच लागेल, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात आणि टाकी भरताना, म्हणजे ते नीट मिसळेल. एक गोष्ट लक्षात ठेवा: मेलेली बुरशी सुटून वाहत येते आणि पहिला फिल्टर काही शे मैलांत भरू शकतो. औषध घालून लगेच लांब जाऊ नका. आणि गेलातच तर एक नव्हे, दोन जादा फिल्टर बरोबर ठेवा. काढलेले डिझेल आणि फिल्टर कचऱ्यात टाकू नका, काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या.

रानवाटा
साउथ डकोटातल्या वॉल गावाजवळच्या कॅम्पग्राउंडवरून लिहितो आहे. घरून निघून हजारावर मैल झाले. औषध निघण्याआधी तीन आठवडे घातले होते आणि त्या काळात जवळपासच्या फेऱ्या केल्या. आयोवात चढावर इंजिनाची ताकद किंचित कमी वाटली, म्हणून पहिला फिल्टर तिथल्याच एका थांब्यावर बदलला. टाकी भरलेली होती, वाटीची नवी रिंग लावली, भरून बसवला आणि किल्ली चार वेळा ऑन केली. सगळ्याला मिळून ३५ मिनिटे लागली आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होऊन आजतागायत एकदाही अडखळलेले नाही. काढलेल्या फिल्टरमध्ये काळी पूड होती, बुळबुळीत लेप मात्र नव्हता. उद्या सकाळी यलोस्टोनकडे निघतो.

मालट्रक
छान. निघण्याआधी उरलेल्या जादा फिल्टरच्या खोक्यात रिंगा किती आहेत ते मोजून घ्या.

रानवाटा
आत्ताच उघडून मोजल्या. दोन आहेत.